पानावरून परतलेला उजेड

गेल्या वर्षी पाऊस लागायच्या आधीच्या रविवारी आम्ही अकरा काळे शिरीष तोडले. ते सुबाभूळ आहेत असे समजून. झाडांवर चुन्याच्या खुणा मी केल्या होत्या, त्यामुळे चूक माझी. पुढे जे काही केले, शिकले, ते सगळे त्या अकरा खुंटांपासून सुरू झाले.

नाशिकहून दिंडोरीच्या रस्त्याला लागले आणि म्हसरूळ मागे पडले की डोंगर जवळ यायला लागतात. तिथल्या एका गावाच्या गायरानाच्या उतारावर आम्ही दहा-बारा जण दर रविवारी जातो. समोर रामशेजचा किल्ला दिसतो, खाली द्राक्षबागा. उतारावर कधीकाळी डोंगर लवकर हिरवा दिसावा म्हणून सुबाभूळ आणि गिरीपुष्प लावलेले आहे. दोन्ही झाडे मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. सुबाभळीला १९७०-८०च्या दशकांत आपल्याकडे मोठा मान होता: चारा देते, जळण देते, कुठेही उगवते. हे तिचे गुण खोटे नव्हते. पण कुठेही उगवणारे झाड राखायला कोणी नसले की काय होते ते आमच्या उतारावर दिसते. शेंगा वाळून फुटतात, खाली रोपांची लव्हाळ्यासारखी दाटी होते, आणि त्या दाटीत खैर, धावडा, मोई यांच्या रोपांना जागा राहत नाही. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन आम्ही मनगटापेक्षा बारीक रोपे काढतो आणि त्या जागी इथलीच झाडे लावतो.

मोठी सुबाभूळ ओळखायला काहीच अवघड नाही. चपट्या तपकिरी शेंगांचे झुबके वर्षभर लटकलेले असतात. अडचण रोपांची. सुबाभूळ आणि काळा शिरीष दोघेही लाजाळूच्या गोतातले. दोघांची पाने दुहेरी पिसासारखी, दोघांच्या देठावर ग्रंथी असते, दोघांचीही पर्णिका, म्हणजे पानातली छोटी छोटी पाने, संध्याकाळी मिटतात. वाढलेल्या झाडावर शिरीषाची पर्णिका चांगली मोठी आणि रुंद दिसते. पण सावलीत वाढलेल्या रोपावर किंवा खुंटाच्या धुमाऱ्यावर पर्णिकांची मापे बेभरवशाची होतात. मी घाईत होते, पावसाच्या आधी काम उरकायचे होते, आणि मी खुणा करत सुटले.

चूक दाखवली ती तिथे शेळ्या चारणाऱ्या एका आजोबांनी. खाली पडलेली फांदी उचलून त्यांनी उलटसुलट केली आणि म्हणाले, "बाई, हा तर शिरस. याच्या लाकडाची आमच्याकडं गाडीची चाकं करायचे. हा कशाला पाडला?" मला उत्तर देता आले नाही. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले होते मी.

माझी भाची पुण्याला उपग्रहचित्रांवर संशोधन करते. तिला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, दिवाळीला येताना विभागातून यंत्र घेऊन येते. पानावरून किती उजेड परत येतो ते मोजून बघू." तिला त्यात स्वतःचाही रस होता. उतारच्या उतार चालत जाऊन एकेक रोप तपासणे माणसांना झेपत नाही. पानाच्या उजेडात झाडाची ओळख सापडली, तर पुढे आकाशातून घेतलेल्या चित्रातही ती शोधता येते.

यंत्राचे नाव स्पेक्ट्रोरेडिओमीटर. पाठीवर अडकवायचे पाच-सहा किलोंचे खोके, त्यातून निघालेली काचतंतूंची जाड दोरी, आणि तिच्या टोकाला पान धरायचा चिमटा. चिमट्यात स्वतःचा छोटा दिवा असतो, त्यामुळे ढग आले की ऊन पडले याची काळजी नको. दिव्याचा उजेड पानावर पडतो, त्यातला काही पान गिळते, काही आरपार जातो, उरलेला परत येतो. परत आलेला उजेड यंत्र तरंगलांबीप्रमाणे वेगवेगळा मोजते, ३५० नॅनोमीटरपासून २५०० पर्यंत. आपल्या डोळ्यांना यातले साधारण ४०० ते ७०० एवढेच दिसते. म्हणजे पान जे सांगते त्याचा मोठा भाग आपल्याला ऐकूच येत नाही.

पहिल्या सकाळी मला वाटले होते, गेल्या गेल्या पाने मोजायला लागू. भाचीने अर्धा तास नुसते बसवून ठेवले. यंत्र आणि दिवा तापून स्थिर व्हावे लागतात. मग दिव्याचा उजेड अडवून यंत्राची स्वतःची कुरकुर मोजायची, म्हणजे ती नंतर वजा करता येते. मग पांढरी पाटी. तिच्यावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड ती परत पाठवते, आणि पानाचा आकडा नेहमी तिच्याशी ताडून काढायचा असतो. मी सहज ती उचलायला गेले, तर भाची ओरडलीच, "मावशी, बोट नको!" बोटाचे तेल लागले तरी पाटी बिघडते. नंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही पुन्हा पाटी मोजत होतो. मला हे सोवळे वाटत होते. ते सोवळे का लागते हे पुढे कळले.

मोठ्या पानाचे मोजमाप सोपे आहे. करंजाचे पान घ्या, मधली शीर टाळून चिमट्यात धरा, झाले. सुबाभळीने मात्र आम्हाला रडवले. तिची पर्णिका एक-दीड सेंटिमीटर लांब आणि काही मिलिमीटर रुंद. चिमट्याची खिडकी रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, तरी तीत एक पर्णिका पुरत नाही. म्हणून चार-पाच पर्णिका शेजारी शेजारी लावायच्या, काळ्या कागदावर, टोकांना चिकटपट्टीच्या सुतासारख्या कापलेल्या पट्ट्या लावून. दोन पर्णिकांत फट राहिली तर मागचा काळा कागद दिसतो आणि सगळी नोंद खाली येते. एक दुसरीवर चढली तर पहिलीतून आरपार गेलेला अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, उजेड दुसरीवर आपटून परत येतो आणि नोंद उगाच वर जाते. त्यात फांदी तोडली की थोड्याच वेळात पर्णिका मिटायला लागतात. आणि चिमट्यात जास्त वेळ ठेवले तर दिव्याच्या उष्णतेने एवढेसे पान सुकते. पहिल्या दिवशी एका झाडाला आम्हाला पाऊण तास लागला. फांद्या ओल्या कापसात बुडखे गुंडाळून, पिशवीत घालून, बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि एकेक बाहेर काढायची, हा क्रम बसल्यावर वेळ निम्म्यावर आला. पर्णिका रांगेत लावायचे काम माझ्याकडे आले. वाती वळायची सवय असलेल्या हातांना ते जमले.

पहिली वक्ररेषा पडद्यावर उमटली तेव्हा मी सगळे विसरून बघत राहिले. डावीकडे, निळ्या उजेडाच्या भागात, रेषा जमिनीलगत. ५५० च्या आसपास छोटासा उंचवटा, हाच आपल्याला दिसणारा हिरवा. हिरवे पान म्हणतो आपण, पण हिरव्या उजेडातलाही दहावा-पाचवा हिस्साच परत येतो. मग ६७० जवळ पुन्हा खड्डा, कारण तांबडा उजेड हरितद्रव्य पिऊन टाकते. आणि त्यानंतर ७०० पासून रेषा एकदम उभी चढते, त्र्यंबकला खालून ब्रह्मगिरीचा कडा दिसतो तशी. कडा चढून गेले की पठार. त्या पठारावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात, पान निम्म्याच्या आसपास उजेड परत फेकते. तिथे रंगद्रव्यांचे काही चालत नाही. पानाच्या आत पेशी आणि मधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर उजेड ठेचकाळत राहतो आणि बाहेर येतो. पठाराच्या पलीकडे १४५० आणि १९४० जवळ दोन खोल घळी. त्या पाण्याच्या. पानात जितके पाणी तितकी घळ खोल. आणखी पुढे, २१०० ते २३०० च्या बाजूला, पानाच्या काष्ठमय भागाच्या, सेल्युलोजच्या बारीक खुणा.

वर्षानुवर्षे मी फळ्यावर पानाचा छेद काढला: वरची खांबांसारखी पेशींची रांग, खालचा स्पंजासारखा थर. त्या स्पंजाला काम आहे हे सांगायचे, हवा खेळवायचे. तोच स्पंज उजेडात असा पठारासारखा दिसतो हे साठीला आल्यावर बघायला मिळाले. शाळेत असते तर त्याच दिवशी मुलांना गोळा केले असते.

यंत्राची बॅटरी खालच्या एका द्राक्षबागायतदारांच्या शेडमध्ये चार्जिंगला लावत होतो. त्यांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, नुकतीच झालेली, काड्यांवर कोवळी फूट निघत होती. चहा घेता घेता त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "यात नत्र कळतं का हो?" त्यांचे बरोबर होते. ते बागेत देठ परीक्षण करून घेतात, पानाकडे बघून खताचा हिशेब मांडतात. पान म्हणजे आत काय चालले आहे त्याची पावती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होते. भाचीने सांगितले की कळते, पण आडून: हरितद्रव्यावरून, कड्याच्या जागेवरून, आणि दूरच्या अवरक्तातल्या प्रथिनांच्या पुसट खुणांवरून.

त्यांच्या प्रश्नावरून तिने एक गोष्ट सांगितली, आणि ती मला अजून पुरते आहे. हवाई बेटांवर ग्रेगरी अस्नर आणि पीटर विटोसेक यांनी २००५ मध्ये एक काम प्रसिद्ध केले. विमानातून असाच वर्णपट, म्हणजे तरंगलांबीप्रमाणे परत आलेला उजेड, मोजून त्यांनी ज्वालामुखीच्या उतारावरच्या जंगलात बाहेरून आलेले एक झाड शोधले. त्याचे नाव मायरिका फाया, अटलांटिकमधल्या बेटांवरून आलेले. ते हवेतले नत्र मुळांच्या गाठींत धरते. तिथले मूळचे ओहिआ झाड तसे करत नाही. त्यामुळे फायाने जागा घेतली की जंगलाच्या माथ्यावरच्या पानांतले नत्र जवळजवळ दुप्पट होते, आणि ते विमानातून दिसते. त्याच जंगलात खाली, सावलीत, दुसरी एक घुसखोर वनस्पती सापडली: काहिली जिंजर. ती आपल्या सोनटक्क्याची सख्खी बहीण, हिमालयातली. आपल्याकडे जी घरची, ती तिकडे उपरी.

"म्हणजे आपल्यालाही नत्रावरून कळेल," मी म्हणाले. भाची हसली. "कसं कळेल मावशी? सुबाभूळ शेंगावर्गातली, काळा शिरीषही शेंगावर्गातला. खैर, बाभूळ, करंज, पळस, सगळेच. आपल्याकडे नत्र धरणारी घरचीच पुष्कळ आहेत." हवाईत जो फरक कामाला आला तो नाशिकच्या माळावर नाहीच. तिथले जंगल आणि इथले जंगल वेगळे, म्हणून विचारायचा प्रश्नही वेगळा.

चार दिवसांत आम्ही चाळीस झाडे मोजली. वीस सुबाभळी, वीस शिरीष, प्रत्येकाची दहा पाने, प्रत्येक पानाच्या तीन नोंदी. झाडांची ओळख आधी पक्की केलेली होती: शेंगा असलेलीच झाडे घेतली आणि शेळ्यांवाल्या आजोबांना विचारून खात्री केली. रात्री भाचीने नोंदींचे दोन भाग केले. एका भागावरून संगणकाने शिकायचे, दुसऱ्या भागावर त्याची परीक्षा घ्यायची. संगणकाने जवळजवळ सगळी पाने बरोबर ओळखली. मला रडू यायचे बाकी होते. वाटले, ते अकरा खुंट आता शेवटचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची गप्प होती. ती रात्रभर विचार करत होती. तिने विचारले, "मावशी, घरी सोडवून घेतलेलंच गणित परीक्षेत घातलं तर?" तिने नोंदी वाटल्या होत्या, झाडे वाटली नव्हती. एकाच झाडाची पाच पाने शिकायला आणि पाच परीक्षेला. संगणकाने सुबाभूळ ओळखली नव्हती, ती अमुक एक सुबाभूळ ओळखली होती. एका झाडाची सगळी पाने एकाच बाजूला ठेवून पुन्हा करायला हवे होते. तसे केले, आणि आकडा खाली आला.

पण तेवढ्यावर थांबले नाही. वही उघडून बसलो तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक सुबाभळी आम्ही पहिल्या दोन दिवशी सकाळी मोजल्या होत्या, कारण त्या पायथ्याशी होत्या. शिरीष नंतर, दुपारी, वरच्या अंगाला. सकाळी पानात पाणी जास्त, दुपारी कमी. पाण्याच्या घळी जी कथा सांगत होत्या ती जातीची होती की वेळेची? आणि पायथ्याशी खडीच्या गाड्यांचा रस्ता. तिथल्या पानांवर धूळ बसलेली. धूळ बसली की दिसणाऱ्या उजेडातली रेषा वर येते आणि अवरक्तातले पठार खाली बसते. आम्ही पाने पुसली होती, पण पहिल्या दिवशी नुसत्या कोरड्या फडक्याने. संगणकाने कदाचित धूळच ओळखली असेल. पांढऱ्या पाटीचे सोवळे आम्ही पाळले, आणि बाकी सोवळे सुटलेच होते.

हे सगळे मी इतक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या हौशी गटांकडे आता ड्रोन, मोबाईलवरची अ‍ॅप्स, असे पुष्कळ काही येते आहे. पडद्यावर मोठा आकडा दिसला की हातात कोयता घ्यावासा वाटतो. तो आकडा कसा आला हे विचारायला हवे. त्या रात्री भाचीने स्वतःहून विचारले नसते, तर मी त्या आकड्याच्या भरवशावर पुन्हा चुन्याची बादली उचलली असती.

फेब्रुवारीत ती पुन्हा आली. या वेळी एक सुबाभूळ, एक शिरीष, पुन्हा एक सुबाभूळ, असे आलटून पालटून, रोज सकाळी ठरावीक वेळेत, ओल्या फडक्याने पुसून आणि पूर्ण वाळू देऊन. शिरीषाची काही झाडे पानगळीला लागली होती, ती वगळावी लागली. सुबाभळीच्या काही शेंड्यांवर चिकटा होता. १९८८ च्या सुमारास तिच्या मागोमाग भारतात आलेली तिची स्वतःची कीड, पिठ्यासारखी बारीक, कोवळ्या शेंड्यांचा रस शोषते. तशी पानेही टाळली. थंडी अजून सरली नव्हती, सकाळी यंत्राची बटणे दाबताना बोटे आखडत होती.

आता जे आले ते प्रामाणिक होते, आणि पहिल्याइतके देखणे नव्हते. पक्व पानांत फरक खरोखर होता. शिरीषाचे पान थोडे जाड, त्यात कोरडे द्रव्य जास्त, त्यामुळे दूरच्या अवरक्तात रेषा खाली. सुबाभळीचे पान पातळ, रेषा वर. पण झाड ओळखायची वेळ आली की दर चार-पाच झाडांमागे एक चुकत होते. आणि चुकणारी कोण? बहुतेक कोवळी. कोवळे पान कोणत्याही जातीचे असो, पातळ, पाणीदार, फिकट. आमच्या उतारावरच्या कोवळ्या शिरीषाची रेषा जुन्या शिरीषापेक्षा कोवळ्या सुबाभळीला जास्त जवळची निघाली. जिथे माझ्या डोळ्यांनी चूक केली होती तिथेच यंत्रही अडखळत होते. पान आधी आपले वय सांगते, मग तहान सांगते, आणि जात सगळ्यांत शेवटी, हळू आवाजात.

एक प्रयोग माझ्या हट्टापायी केला. मला संगणकाला एकच प्रश्न विचारायचा होता: देशी की परदेशी? म्हणून गिरीपुष्प, सुबाभूळ, वेडी बाभूळ एका बाजूला. करंज, खैर, शिरीष, पळस दुसऱ्या बाजूला, असे त्याला शिकवले. मग गावातल्या गुलमोहराचे पान दिले. त्याने देशी सांगितले. गुलमोहर मादागास्करचा. चिंचेचे दिले, तिलाही देशी सांगितले. चिंच मूळची आफ्रिकेची, पण इतकी जुनी पाहुणी की तिला परकी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नंतर सगळ्या रेषा एकावर एक काढून पाहिल्या. गिरीपुष्प आणि वेडी बाभूळ यांच्यात जेवढा फरक होता तेवढा गिरीपुष्प आणि करंज यांच्यातही नव्हता. परकेपणाचा म्हणून काही रंग नसतो. झाड कुठून आले हा इतिहास आहे, आणि तो पानात लिहिलेला नसतो. तो प्रश्न आम्ही तिथेच सोडला. हे झाड कोणत्या जातीचे, एवढेच विचारायचे; ते ठेवायचे की काढायचे हे ठरवणे आमचे काम.

गिरीपुष्पाच्या बाबतीत आकाशाने चांगली साथ दिली. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात, दर पाच-एक दिवसांनी नवी. पहिला उपग्रह २०१५ मध्ये अवकाशात गेला, त्याचा जोडीदार २०१७ मध्ये. चित्रातला सर्वांत बारीक चौकोन दहा मीटरचा, आणि रेषेच्या त्या कड्याच्या भागातले पट्टे, म्हणजे उजेडाचे वेगवेगळे मोजलेले तुकडे, तर वीस मीटरचे. आपल्या रिसोर्ससॅटवरचा लिस-४ कॅमेरा ५.८ मीटरपर्यंत जातो, पण त्याला पट्टे तीनच. दहा मीटरच्या चौकोनात आमची तीन-चार झाडे आणि मधले वाळके गवत एकत्र कालवले जाते, म्हणजे एकटे रोप दिसायची आशा नको. पण गिरीपुष्पाचा दाट पट्टा दिसतो. एकाच तारखेच्या चित्रात नाही, तर वर्षभराच्या चित्रांची माळ लावली की. डिसेंबर-जानेवारीत त्याची पाने उतरायला लागतात आणि पट्ट्याची हिरवाई सागाच्या आधी ढासळते. फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्या गुलाबी फुलांनी भरतात. सुबाभूळ उलट, तिला थोडी ओल मिळाली तर आजूबाजूचे रान उघडे पडल्यावरही हिरवी राहते. भाचीने मार्चचे चित्र उघडले तेव्हा ओढ्याच्या काठाची हिरवी रेघ तेवढी उठून दिसत होती.

मी ती रेघ आजोबांना मोबाईलवर दाखवली. त्यांनी फोन लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "शिमग्याला या ना तुम्ही. शिमग्याला जे हिरवं, त्यातलं निम्मं तुमचं ते परदेशी. करंज, उंबर आपले सोडून द्यायचे." उपग्रहाच्या माळेत जे होते ते त्यांच्याकडे एका वाक्यात होते, अपवादांसकट. भाचीने ते वाक्य वहीत लिहून घेतले, तारखेसह. करंज आणि उंबर आमच्या शिकवणीत वेगळे घालायला हवेत हे तिला तिथे सुचले.

मार्चअखेरीस आम्ही उतारावर फिती बांधल्या. लाल फीत म्हणजे सुबाभूळ, काढायची. पांढरी म्हणजे शिरीष, हात लावायचा नाही. प्रत्येक लाल फितीला तीन साक्षी हव्यात असा नियम केला: पानाची नोंद, आजोबांची नजर, आणि आमच्यातल्या दोघांनी वेगवेगळे बघून दिलेला एकच निर्णय. तीन साक्षी जुळल्या नाहीत तिथे पिवळी फीत. अशी सात रोपे निघाली. त्यांच्याबद्दल गटात बरीच वादावादी झाली. एकाचे म्हणणे, सात सुबाभळी राहिल्या तर दोन वर्षांत सातशे होतील, ती लहान असतानाच फुलते. त्यात तथ्य आहे. तिचे बी मातीत वर्षानुवर्षे दम धरते, खुंट ठेवला तर पुन्हा फुटते. तरी मी अडून बसले. सात सुबाभळी वाढल्या तर त्या पुढच्या वर्षी काढता येतात. ते अकरा शिरीष मला परत आणता आलेले नाहीत. त्यातल्या चौघांना धुमारे फुटले तेवढेच. शेवटी ठरले की पिवळ्या फितींना फुले येईपर्यंत थांबायचे, आणि शेंगा धरायच्या आत निर्णय घ्यायचा.

यंत्र पुण्याला परत गेले. आमच्याकडे नोंदींची वही आणि पर्णिका लावायचा तो काळा कागद राहिला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहाटे एकटीच वर गेले. काळ्या शिरीषाच्या शास्त्रीय नावात ओडोराटिसिमा असा शब्द आहे, म्हणजे अतिशय सुगंधी. हे नाव मी शिकवले आहे, वास कधी मुद्दाम घेतलेला नव्हता. वळणापाशी झाड दिसायच्या आधी वास आला. पिवळ्या फितीच्या तीन झाडांवर फिकट पिवळट फुलांचे गोंडे आले होते, मधमाश्या भरलेल्या. तिघांच्या फिती सोडून पांढऱ्या बांधल्या. त्यातले एक संगणकाने दोन्ही वेळा सुबाभूळ सांगितलेले होते. भाचीला फोटो पाठवला, तिने त्या झाडाचा क्रमांक विचारला आणि फुलांच्या खालची पक्व पाने दोन तोडून वहीत दाबून ठेवायला सांगितली.

उरलेल्या चौघांना अजून फुले नाहीत. त्यांच्या पिवळ्या फिती तशाच आहेत, उन्हाने थोड्या विटल्या आहेत, पावसाआधी बदलाव्या लागतील.